सरासरी काढण्याआधी आकडा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ग्राहकांच्या तक्रारींचा मासिक अहवाल तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. नोंदवहीत प्रत्येक तक्रारीला एक सांकेतिक क्रमांक दिलेला असे. माल उशिरा पोहोचला असेल तर १, फुटलेला निघाला तर २, चुकीचा माल गेला असेल तर ३ आणि बिलात चूक असेल तर ४. महिनाअखेरीस मी सगळ्या रकान्यांखाली सरासरीचे सूत्र ओढत असे आणि त्यामुळे या रकान्याखालीही एक आकडा उमटत असे. अशा रीतीने ‘तक्रारीचा प्रकार : सरासरी २.३’ अशी ओळ कित्येक महिने छापून बैठकीत फिरत राहिली. गेल्या महिन्यात २.१ होती, या महिन्यात २.३ झाली, म्हणजे परिस्थिती थोडी बिघडली, अशी चर्चाही एकदा झाली. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शांतपणे विचारले, “अहो, ही २.३ क्रमांकाची तक्रार नेमकी कोणती?” त्या प्रश्नाला उत्तर नव्हते, कारण तशी तक्रार अस्तित्वातच नव्हती.

सूत्र बरोबर होते, बेरीज बरोबर होती, भागाकारही बरोबर होता. चूक त्याच्या आधीच्या पायरीवर झालेली होती. तो १, २, ३, ४ हा आकड्यांचा पोशाख घातलेल्या नावांचा संच होता आणि नावांची सरासरी निघत नाही. व्यवसायात सांख्यिकी शिकवताना मध्य, मध्यक, बहुलक यांच्या व्याख्यांपासून सुरुवात केली जाते. माझे मत असे झाले आहे की सुरुवात त्याच्याही आधी, म्हणजे समोरचा आकडा कोणत्या प्रकारचा आहे आणि त्याच्यावर कोणती गणिती क्रिया करण्याला अर्थ आहे, या प्रश्नापासून व्हायला हवी.

या प्रश्नाची सर्वांत प्रसिद्ध मांडणी स्टॅन्ली स्मिथ स्टीव्हन्स या हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील एका लेखात केली. मोजमापाच्या चार श्रेणी त्यांनी सांगितल्या : नामदर्शक, क्रमदर्शक, अंतराल आणि गुणोत्तर. ही वर्गवारी फार ताठर आहे, प्रत्यक्षातला डेटा असा चार कप्प्यांत नेटका बसत नाही, अशी टीका पुढे अनेक संख्याशास्त्रज्ञांनी केली आणि त्या टीकेत तथ्य आहे. तरीही रोजच्या कामात पहिली चाळणी म्हणून या चार श्रेणी फार उपयोगी पडतात.

नामदर्शक डेटामध्ये फक्त वेगळेपणा नोंदवलेला असतो. तक्रारीचा प्रकार, शाखेचे नाव, पैसे देण्याची पद्धत, मालाचा रंग हे सारे यात येते. ग्राहक क्रमांक आणि बिल क्रमांक हेसुद्धा यातच येतात, जरी ते दिसायला अस्सल संख्या असले तरी. इथे करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे मोजणी. कोणता प्रकार किती वेळा आला याची वारंवारता सारणी करावी, एकूण नोंदींमध्ये प्रत्येकाचा टक्का काढावा आणि सर्वांत जास्त वेळा आलेला प्रकार, म्हणजेच बहुलक, सांगावा. माझ्या अहवालात त्या सरासरीच्या जागी हवे होते ते एवढेच.

क्रमदर्शक डेटाबाबत मात्र थोडे थांबावे लागते, कारण व्यवसायातील सर्वाधिक गोंधळ मला इथेच आढळला आहे. ग्राहकाने १ ते ५ पैकी दिलेले गुण हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. यात क्रम खरा असतो. ५ हे ४ पेक्षा चांगले आणि ४ हे ३ पेक्षा. परंतु ‘समाधानी’ आणि ‘अत्यंत समाधानी’ यांमधले अंतर हे ‘नाराज’ आणि ‘ना नाराज ना समाधानी’ यांमधल्या अंतराइतकेच आहे, असे मानायला कोणताही आधार नसतो. सरासरी काढताना आपण ती अंतरे सारखी आहेत असे न बोलता गृहीत धरतो. त्याहून मोठा तोटा असा, की सरासरी माणसांमधली फूट झाकून टाकते. समजा, एका शाखेतील प्रत्येक ग्राहकाने ३ गुण दिले आणि दुसऱ्या शाखेत निम्म्यांनी १ तर निम्म्यांनी ५ दिले. सरासरी दोन्हीकडे ३ येईल. पहिल्या शाखेत कोणी भारावलेले नाही आणि कोणी चिडलेलेही नाही. दुसऱ्या शाखेत निम्मे ग्राहक निघून जाण्याच्या बेतात आहेत. या दोन शाखांवर एकच उपाय लागू करणाऱ्या व्यवस्थापकाला दोष देण्याआधी त्याच्या हाती दिलेला अहवाल पाहावा.

येथे एक बारकावा सांगायला हवा. मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मते मोजण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात एकाच विषयावरची अनेक विधाने देऊन त्यांवरील उत्तरांच्या गुणांची बेरीज केली जाते. अनेक विधानांची अशी बेरीज एकट्या प्रश्नापेक्षा बरीच भरवशाची असते आणि तिची सरासरी काढण्याची प्रथा समजण्यासारखी आहे. प्रत्यक्षात मात्र ‘आपला अनुभव कसा होता?’ हा एकुलता एक प्रश्न विचारून त्याच्या उत्तरांची सरासरी दशांशचिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत छापली जाते. एका प्रश्नाच्या उत्तरांसाठी ४ आणि ५ देणाऱ्यांचा टक्का व १ आणि २ देणाऱ्यांचा टक्का शेजारी शेजारी द्यावा, हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

अंतराल श्रेणीत अंतरे समान असतात, पण शून्य हे केवळ सोयीसाठी ठरवलेले असते. सेल्सिअसमधील तापमान हे याचे नेहमीचे उदाहरण. २० अंश हे १० अंशांच्या दुप्पट उष्ण नव्हे, कारण तीच दोन तापमाने फॅरनहाइटमध्ये ६८ आणि ५० होतात आणि दुपटीचा मागमूस उरत नाही. त्यामुळे शीतगृहाच्या अहवालात ‘तापमान १० टक्क्यांनी वाढले’ असे वाक्य दिसले तर त्याला अर्थ नाही. किती अंशांनी वाढले हे सांगायला हवे. घड्याळातील वेळ तर याहूनही फसवी असते. रात्री साडेअकराला आलेली एक मागणी आणि मध्यरात्रीनंतर साडेबाराला आलेली दुसरी, या दोन वेळांची सरासरी आंधळेपणाने काढली तर उत्तर दुपारी बारा असे येते. मागण्या रात्री येतात आणि अहवाल दुपारकडे बोट दाखवतो.

गुणोत्तर श्रेणीत शून्याचा अर्थ खरोखर ‘काहीच नाही’ असा असतो. वजन, लांबी, विकलेले नग, लागलेले दिवस, मिळालेली रक्कम. येथे दुप्पट, तिप्पट, टक्के, सारे काही बोलता येते. याच श्रेणीत खंडित आणि अखंडित हा भेदही लक्षात ठेवावा. नग मोजले जातात आणि ते पूर्णांकातच असतात, तर वजन मापले जाते आणि त्याची अचूकता काट्यावर अवलंबून असते.

शून्याचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते. ‘विक्री शून्य झाली’ आणि ‘विक्रीची नोंद आली नाही’ या दोन वेगळ्या घटना आहेत. स्प्रेडशीटमधले सरासरीचे सूत्र रिकामा चौकोन वगळते आणि शून्य असलेला चौकोन मोजणीत धरते. नोंद करणाऱ्याने रिकामी जागा बरी दिसावी म्हणून तिथे ० भरले, तर सरासरी खाली येते. उलट, खरोखरच्या शून्य विक्रीच्या दिवशी चौकोन रिकामा सोडला, तर ती वर जाते. दोन्ही बाबतींत सूत्र निर्दोष असते. डेटा कसा नोंदवला जातो हे त्या माणसाशेजारी बसून पाहिल्याशिवाय हा दोष कधीही सापडत नाही.

प्रकार नक्की झाला की मगच मध्य, मध्यक आणि बहुलक यांच्यापैकी कोणाला बोलावायचे हे ठरवता येते. दहा मागण्या पोहोचवायला लागलेले दिवस समजा असे आहेत : २, २, २, ३, ३, ३, ३, ४, ४ आणि २४. बेरीज ५० होते, म्हणून मध्य, म्हणजे आपली नेहमीची सरासरी, ५ दिवस. मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, ३ दिवस आणि बहुलकही ३ दिवस. आता ‘माल सरासरी ५ दिवसांत पोहोचतो’ हे विधान खरे असूनही दहापैकी एकाही ग्राहकाचा अनुभव सांगत नाही. नऊ जणांना त्याआधीच माल मिळाला आणि एकाला जवळजवळ पाचपट वाट पाहावी लागली. ती एक नोंद बाजूला काढली तर उरलेल्या नऊंचा मध्य २.९ च्या आसपास येतो. मध्यक मात्र ३ होता, तो ३ च राहतो.

एवढ्यावरून मध्यक नेहमी श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. मध्याचा एक गुण मध्यकापाशी नाही. मध्याला नोंदींच्या संख्येने गुणले की एकूण बेरीज परत मिळते. महिन्याभरात वाहनांचे किती दिवस खर्ची पडणार, एकूण किती माल लागणार, असे प्रश्न बेरजेचे असतात आणि तिथे मध्यच हवा. ग्राहकाला साधारण काय अनुभव येतो हे सांगायचे असेल तर मध्यक. तसेच टोकाची नोंद केवळ विचित्र दिसते म्हणून खोडून टाकणे हा मी गंभीर अपराध मानते. तो २४ टंकलेखनाची चूक असेल तर दुरुस्त करावा. चूक नसेल तर संपूर्ण यादीतली सर्वांत महत्त्वाची नोंद तीच आहे.

मध्य आणि मध्यक दोन्ही सारखे असले तरी गोष्ट पूर्ण होत नाही. समजा, दोन पुरवठादारांच्या शेवटच्या पाच खेपांना लागलेले दिवस आपल्यापुढे आहेत. पहिल्याचे ९, १०, १०, १०, ११ आणि दुसऱ्याचे ४, ७, १०, १३, १६. मध्य दोघांचाही १०, मध्यकही १०. फरक आहे तो पसरणीत, आणि ती मोजणारे माप म्हणजे प्रमाण विचलन. ते काढण्यासाठी प्रत्येक आकड्याचे मध्यापासूनचे अंतर घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा, सर्व वर्गांची बेरीज करून तिला नोंदींच्या संख्येपेक्षा एक कमी अशा संख्येने भागायचे आणि शेवटी वर्गमूळ घ्यायचे. पहिल्यासाठी वर्गांची बेरीज २ आहे, तिला ४ ने भागून वर्गमूळ घेतले की ०.७१ दिवस मिळतात. दुसऱ्यासाठी बेरीज ९०, म्हणून उत्तर ४.७४ दिवस. एक कमी करून भागण्याचे कारण असे, की मध्यही त्याच नमुन्यातून काढलेला असल्याने आकडे त्याच्याभोवती प्रत्यक्षापेक्षा थोडे अधिक गोळा झालेले दिसतात आणि ही दुरुस्ती तो दोष भरून काढते.

या ०.७१ आणि ४.७४ मधला फरक गोदामात जागा व्यापतो. दुसऱ्या पुरवठादाराच्या बेभरवशामुळे जादा साठा ठेवावा लागतो, त्या साठ्यात भांडवल अडकते, आणि तो ठेवला नाही तर काम थांबते. म्हणून केवळ मध्य पाहून पुरवठादार निवडणे म्हणजे किमतीचा एक मोठा भाग न पाहताच व्यवहार करणे होय. वेगवेगळ्या आकारमानाच्या गोष्टींची तुलना करताना प्रमाण विचलनाला मध्याने भागून विचलन गुणांक काढतात. पण हा भागाकार गुणोत्तर श्रेणीतच अर्थपूर्ण असतो. सेल्सिअसमधल्या तापमानांचा विचलन गुणांक फॅरनहाइटमध्ये बदलून जातो, म्हणजे तो मालाविषयी काहीच सांगत नसतो. डेटाचा प्रकार हा पहिल्या पायरीवरचा प्रश्न पुढच्या प्रत्येक पायरीवर असा पुन्हा उभा राहतो.

विचलनाचा उद्योगातील सर्वांत फलदायी उपयोग अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी केला, असे मला वाटते. १६ मे १९२४ रोजी त्यांनी आपल्या वरिष्ठांना दिलेल्या एका छोट्या टिपणात नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली. कोणत्याही प्रक्रियेत चढउतार असतातच. त्यांतले बहुतेक त्या प्रक्रियेच्या रचनेतूनच येतात आणि थोडे एखाद्या विशेष कारणामुळे घडतात. मध्याच्या दोन्ही बाजूंना प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतरावर रेषा आखल्या, की त्यांच्या आतला चढउतार नेहमीचा मानायचा आणि बाहेर गेलेल्या बिंदूचे कारण शोधायचे. हे वाचल्यावर मला आमच्या मासिक बैठका वेगळ्या दिसू लागल्या. विक्री थोडी वाढली की कोणाचे तरी कौतुक आणि थोडी घटली की कोणाकडून तरी खुलासा, असा क्रम चालत असे. जुन्या महिन्यांचे आकडे मांडून रेषा आखल्यावर असे दिसले, की ज्यांवर आम्ही तास तास बोललो होतो ते जवळजवळ सर्व चढउतार रेषांच्या आतले होते. लोकांना अकारण खुलासे द्यायला लावणे ही अन्यायाची गोष्ट आहे आणि ती टाळण्यासाठी लागते ते शाळेच्या पातळीचे गणित.

आतापर्यंतचे सारे हाताशी असलेल्या डेटाविषयी झाले. तो डेटा कोणाचे प्रतिनिधित्व करतो हा वेगळा प्रश्न आहे. १९३६ च्या अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या आणि २० लाखांहून अधिक परत आल्या. त्यांच्या आधारे त्यांनी आल्फ्रेड लँडन जिंकतील असे जाहीर केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. पत्ते मुख्यतः दूरध्वनीच्या आणि मोटारींच्या नोंदींतून घेतलेले होते, म्हणजे मंदीच्या काळातल्या बऱ्या स्थितीतील लोकांचे. शिवाय ज्यांनी पत्रिका परत पाठवली ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावरून योग्य विजेता सांगितला. आज ग्राहकांकडून आपोआप येणारे अभिप्राय हे त्या परत आलेल्या मतपत्रिकांसारखेच आहेत. खूप खूश आणि खूप चिडलेले लोक लिहितात, मधले गप्प राहतात, आणि जे सोडून गेले ते तर यादीतच नसतात. अशा अभिप्रायांची संख्या दहापट वाढली तरी हा कल कमी होत नाही.

यादृच्छिक नमुना, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखी संधी देऊन काढलेला नमुना, घेतला असेल तर मात्र संख्येला अर्थ येतो, आणि तो अनेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळा असतो. टक्केवारीतील संभाव्य चुकीची मर्यादा ढोबळमानाने १ भागिले नमुन्याच्या आकाराचे वर्गमूळ इतकी असते. १०० जणांना विचारले तर सुमारे १० टक्के बिंदू इकडे किंवा तिकडे, ४०० जणांना विचारले तर ५, आणि १,००० जणांना विचारले तर ३ च्या जवळपास. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो. समष्टी, म्हणजे ज्यांच्यातून नमुना काढला तो संपूर्ण समूह, नमुन्याच्या मानाने खूप मोठी असेल तर तिच्या आकाराचा या हिशेबावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. आणि नमुना अगदीच लहान असेल तर? हा प्रश्न विल्यम गॉसेट यांना गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत काम करताना पडला, कारण तिथल्या प्रयोगांत मोजकेच नमुने हाती असत. त्यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या लेखातून पुढे टी-वितरण, म्हणजे लहान नमुन्यावरून निष्कर्ष काढण्याचे साधन, रूढ झाले. सांख्यिकीचे एक मूलभूत साधन एका कारखान्याच्या रोजच्या गरजेतून जन्माला आले, याचा मला आनंद वाटतो.

टक्क्यांची बेरीज आणि सरासरी यांविषयीही लिहिले पाहिजे. दोन विक्रेते आहेत असे समजू. पहिल्याने १०० जुन्या ग्राहकांशी बोलून ८० मागण्या मिळवल्या आणि २० नव्या ग्राहकांशी बोलून ४. दुसऱ्याने २० जुन्या ग्राहकांकडून १८ आणि १०० नव्या ग्राहकांकडून ३०. एकत्रित पाहता पहिल्याचे यश १२० पैकी ८४, म्हणजे ७० टक्के, आणि दुसऱ्याचे १२० पैकी ४८, म्हणजे ४० टक्के. परंतु जुन्या ग्राहकांत दुसऱ्याचे ९० टक्के विरुद्ध पहिल्याचे ८०, आणि नव्या ग्राहकांतही दुसऱ्याचे ३० विरुद्ध पहिल्याचे २०. दोन्ही गटांत सरस असलेला माणूस एकत्रित आकड्यात मागे पडतो, कारण त्याच्या वाट्याला अवघड काम अधिक आले. यालाच सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७३ मध्ये पदव्युत्तर प्रवेशांत अर्जदार पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के निवडले गेले, तेव्हा भेदभावाचा प्रश्न उभा राहिला. विभागवार पाहिल्यावर असे आढळले, की स्त्रियांनी अधिक प्रमाणात जेथे प्रवेश मिळणे कठीण अशा विभागांत अर्ज केले होते. पगारवाढ एकत्रित टक्क्यांवर ठरवणाऱ्यांनी हा हिशेब स्वतः एकदा कागदावर करून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सहसंबंधाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण दोन गोष्टी सोबत वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी वाढली असे होत नाही, हे बहुतेकांना आता ठाऊक असते. कमी ठाऊक असते ते असे, की सहसंबंधाचा आकडा आलेख पाहिल्याशिवाय वाचू नये. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच दाखवले. चारही संचांत मध्य, प्रचरण (म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग) आणि सुमारे ०.८२ हा सहसंबंध जवळजवळ अगदी सारखा आहे. आलेखावर मात्र एक संच साधारण सरळ रेषेभोवती पसरलेला, दुसरा स्पष्ट वक्र, तिसरा एका टोकाच्या बिंदूमुळे कललेला आणि चौथ्यातला सहसंबंध तर एकाच बिंदूवर उभा.

तो २.३ चा रकाना अहवालातून गेला तेव्हा त्याच्या जागी मी चार ओळींची वारंवारता सारणी दिली. उशिरा पोहोचलेल्या मालाच्या तक्रारी इतर तिन्ही प्रकारांच्या बेरजेपेक्षा अधिक होत्या. त्या तक्रारींचे बिल क्रमांक घेऊन माल पोहोचवण्याच्या नोंदींशी जुळवले आणि लागलेल्या दिवसांचा आयतालेख, म्हणजे किती दिवस किती वेळा लागले हे स्तंभांच्या उंचीने दाखवणारा आलेख, काढला, तेव्हा डावीकडे उंच स्तंभांचा एक गठ्ठा दिसला आणि बराच रिकामा भाग सोडून उजवीकडे काही बुटके स्तंभ. ते बुटके स्तंभ जवळजवळ सगळे एकाच मार्गावरचे होते. त्या मार्गावर वाहन पूर्ण भरेपर्यंत माल थांबवून ठेवण्याचा नियम होता. पुढच्या बैठकीत चर्चा त्या नियमावर झाली.